नेट स्वस्त झालं का सुमंत बोलन

३ मार्च, सकाळ
आजपासून रोजनिशी. मले अक्षर येत नाही, म्हणून मोबाईलमध्ये बोलून ठेवते. बटण बाजूच्या दीप्तीनं दाखवलं. ती मिहानमध्ये कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, तिले वाटते सारं जग बटणावर चालते. हे रेकॉर्डिंग बिना नेटचं होते म्हणे. बेस झालं. ऐकणार कोणी नाही. मी बी नाही.

सुमंतचा फोन नाही. माह्या पोराचा दोष नाही, नेट महाग आहे. ऑस्ट्रेलियातून व्हिडिओत तोंड दाखवायचं म्हणजे किती नेट जात असन! त्याचं डोकंच केवढं आहे.

९ मार्च
समोरच्या गच्चीवर फाइव्ह जीचा टॉवर चढून राहिला. खालच्या मजल्यावरचे रुपराव म्हणे, काकू, आता दसपट नेट येईन, दिवाळीपर्यंत हवेसारखं फुकट. मले पटलं. थंडीत सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, आवक वाढली का भाजीवाला स्वतःहून जुडी टाकते पिशवीत. नेटचं बी तेच. रेट पडला का सुमंत रोज बोलन. मले तर धाक आहे, मंग स्वयंपाक कधी करू?

१० मार्च
तोवर काटकसर. डेटा बंद करून टाकला. नळ आला का ड्रम भरून ठेवतो, तसा जमू द्यायचा. रिंग वाजली का मंगच चालू करीन. एप्रिलमध्ये वेदिकाचा वाढदिवस आहे, नातीले पोटभर पाहीन. मधातच तिचं तोंड अडकून राहणार नाही.

२ एप्रिल
रिचार्ज महागलं. रुपराव म्हणे, टॉवरचा खर्च निघू द्या काकू, मंग पडते भाव. बरोबर आहे. नवा दुकानवाला बी पहिले फर्निचरचे पैसे काढते. सुमंत बी थांबून राहिला असन. हुशार आहे. माह्यावर गेला.

१७ एप्रिल
वेदिकाचा वाढदिवस. सांबारवडी केली. नवं लुगडं नेसली. मोबाईल स्टीलच्या डब्याले टेकवून उभा केला, कूलर बंद ठेवला, आवाज नको म्हणून. संध्याकाळपर्यंत घामानं लुगडं जुनं झालं.
रिंग नाही. तिकडचा टॉवर जुना असन.
वड्या रुपरावनं खाल्ल्या. म्हणे मीठ जास्त झालं. तरी एक बी ठेवली नाही.

५ मे
दीप्तीले विचारलं, काहून वं, एवढा टॉवर आला, मंग भाव काहून पडत नाही? म्हणे, आजी, नेट वाढलं का कंपनी भाव उतरवत नाही, टोपली मोठी करते. मी म्हटलं, मले टोपली नाही पाहिजे वं, एक जुडी पाहिजे. हसली. मंग म्हणे, सुमंतकाकाच्या घरी तर महिन्याचा एकच भाव असन, कितीबी बोला.
मी चहा टाकला. तिले काय ठाऊक ऑस्ट्रेलियातलं? प्रताप नगरातून मिहानले जाते, तेवढंच तिचं परदेश.

२१ मे, दुपार
दीप्तीनं माहा मोबाईल पाहिला अन् कपाळावर हात मारला. म्हणे, आजी, मार्चपासून डेटा बंद? अवं, बंद असला का व्हिडिओ कॉलची रिंगच वाजत नाही! अन् नेट साठत बी नाही, रोजचं रोज उडून जाते.
जीवात जीव आला. पाहा, म्हणजे पोरगा लावून राहिला होता! बिचारा. वाढदिवसाच्या दिवशी तर बोट दुखलं असन त्याचं. दीप्तीले मी साखर दिली.
ती म्हणे, थांबा, चालू करते. जेवढे कॉल येऊन गेले, सारे आता दिसतील.
मी तिचा हात धरला. म्हटलं, तुह्या घरी दूध उतू जाऊन राहिलं. पळाली.

बटणावर बोट ठेवलं. न दाबताच उचललं.
फोन लागत नसन त्याचा. चिडून राहिला असन तिकडे.
चिडू दे थोडा.