टेकाडातली जागा

१४ एप्रिल
मार्चमध्ये माझा नवरा एडविन गेला, त्याच्या आदल्या सकाळी मी शेगडीतली राख काढली, कोंबड्यांना दाणे टाकले, त्याचे मोजे वाळत घातले. खुर्चीतून तो कुरकुरला, चहा पातळ झालाय. आज या नव्या घरात त्याची खुर्ची लावताना तेच आठवलं. घर छान आहे, ऊन भरपूर. खिडकीसमोरच ते लांबट टेकाड. फार जुन्या काळच्या लोकांनी आपली मेलेली माणसं आत ठेवून वर माती रचली. आता त्यावर मेंढ्या चरतात. सरकारी पाटी आहे, खणू नये. एडविनला ही जागा फार आवडायची. म्हणून तर आले.

१७ एप्रिल
एडविनची रक्षा टेकाडाच्या कडेला पुरली, वर प्रिमरोझचं रोप लावलं. एवढंसं उकरल्याने कोणाचं काय बिघडतं? शेजारच्या मेंढीवाल्या टॅमझिनने पाहिलंच. "विनी, पाटी वाचता येते ना गं? पुस्तकं तर ढीगभर आणलीस! दंडाचं सोड. आत जागा मोजकी आहे. एक आत घातला की एक बाहेर येतो." मी हसले. तीही हसली, पण चहाला थांबली नाही.

२० एप्रिल
रोपाशेजारी बीळ पडलंय. ससा असेल. एडविनच्या खुर्चीवर बिळाच्या तोंडाशी आहे तशीच खडूसारखी पांढरी माती होती. पुसली.

२२ एप्रिल
पुन्हा माती. मेंढ्या माझ्या कुंपणाकडे फिरकत नाहीत. टॅमझिन फाटकाबाहेरूनच बोलली. तुझा माणूस काढून घे, म्हणजे टेकाडातून बाहेर आलेला त्यांचा परत जाईल. उशीर केलास तर तो तुझं घर शिकेल.
एडविनला काढायचं. म्हणजे पुन्हा डब्यात, कपाटावर.

२५ एप्रिल
दुपारी खुर्ची करकरली. रिकामीच दिसते, पण श्वास ऐकू येतो. सावकाश. भीती वाटते, पण लांबून, दुसऱ्या कोणाला वाटावी तशी. या घरात दुसरा श्वास —

२६ एप्रिल
खोकला. सकाळी अनोळखी होता. संध्याकाळी एडविनचा —

२७ एप्रिल
खुरपं घेऊन निघाले. रोपापर्यंत गेले, गुडघे टेकले. मागून, घरातून, आवाज आला. चहा पातळ झालाय.

२८ एप्रिल
काल न उकरताच परत आले. आज खुरपं धुऊन खुंटीला लावलं. चहा कडक केला. दोन कप मांडले. आता तो खुर्चीत दिसतो. त्याने हात पुढे केला, पांढरा, ओला, आणि बोटं एडविनची नव्हेत —