मी बदनाम केलेला नावाडी

रत्नागिरी, चैत्र वद्य पंचमी, शके १८५०

तीर्थस्वरूप सौ. मथुराताईस लवूचा साष्टांग नमस्कार. आई खोकते आहे, पण भांडतेही आहे, तेव्हा काळजी नसावी. भावोजींची गिरणीतली पाळी बदलली का? मुलांना आंबोशी पोचली का? मी बरा आहे. फक्त जेवण जात नाही, आणि त्याला कारण रघू पेटीवाला.

इथे सिनेमाचा तंबू आला आहे. चित्रे मुकी, म्हणून मधल्या पाट्या काठीने दाखवून मोठ्याने वाचायला पडद्याजवळ माणूस लागतो. (शाळामास्तरचा आवाज म्हणून मला घेतले. रूपाकडे पाहून नव्हे, हे तू म्हणण्याआधीच सांगतो.) खेळ पेशवाईतला. सरदाराची मुलगी एका नावाड्यावर जीव लावते, सरदार पिसाळतो, नावाडी शेवटपर्यंत सज्जन. माझ्या शेजारी रघू पेटी वाजवतो. केस कुरळे, आणि उगाच डोळे मिटून मान हलवायची सवय. परवा बायकांत कमळा बसली होती (जिच्या वडिलांकडे, काशीराम शेटजींकडे, शब्द टाक म्हणून तुला तीन पत्रे लिहिली, तीच). रीळ बदलताना बत्ती लागली की पाहावे, तर हिची नजर पेटीकडे! चार वेळा! ताई, मत्सराने माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला.

त्यात पडद्यावरच्या नावाड्याचे केसही कुरळेच. मग माझी जीभ सुटली. पाटीवर होते, 'गरीब असलो तरी तुला अंतर देणार नाही.' मी वाचले, 'हिच्या बापाची तिजोरी कुठे आहे ते आधी काढून घेतो.' पाटीवर शपथ, तर माझ्या तोंडी बंदरोबंदरी एकेक बायको. शेवटी सरदार मुलीचा हात त्याच्या हाती देतो. मी म्हटले, 'पाहा, बापाला वेड लागले.' खलाश्यांनी आरडाओरडा केला, एकाने करवंटी भिरकावली (लागली मला, रघूला नाही).

पण पुढच्या खुर्चीवर खुद्द काशीराम शेटजी. त्यांना मोडी झरझर येते, बाळबोध अक्षर जुळवेपर्यंत पाटी निघून जाते, म्हणून सगळा भरवसा माझ्यावर. खेळ संपल्यावर माझी पाठ थोपटून म्हणाले, "मास्तर, डोळे उघडलेत. गरिबाघरी मुलगी द्यायची नाही, हे आज ठरलं." आपले बाबा खलाशी होते, हे त्यांना पक्के ठाऊक आहे.

तेव्हा तो विषय संपला. कमळा रघूलाच लखलाभ होवो. मी ब्रह्मचारी राहीन.

तुझा लवू

ता. क. आज कमळाची आत्या येसूबाई बाजारात भेटली. म्हणाली, "खुळ्या, पेटीच्या बाजूस काठी घेऊन कोण उभा होता? पोर कुणाकडे बघत होती? आणि तिला बाळबोध येतं हो. तिने सगळं वाचलंन, घरी येऊन पोट धरून हसली."

ता. क. दुसरा. शेटजी सोमवारच्या बोटीने मुंबईस येत आहेत. हाच खेळ गिरगावात लागला आहे. भावोजींनी त्यांना आग्रहाने न्यावे आणि शेजारी बसून पाट्या वाचून दाखवाव्यात. जशाच्या तशा.

ता. क. तिसरा. कमळाही बरोबर येते आहे. तिथला पेटीवाला म्हातारा आहे ना, तेवढे आधी पाहून कळव.