दुप्पट झालेले गुण

घरच्या मालकीणबाईंना दुकानदाराचा नमस्कार,

लेक खुशाल आहे, पोटभर जेवते. आईंचा गुडघा कसा आहे?

एमबीएच्या प्रवेश परीक्षेला पंधरवडा उरलाय. क्लासच्या दुसऱ्या सराव पेपरात तिचे गुण पहिल्याच्या दुप्पट झाले. "काका, आता निर्धास्त राहा!" सर म्हणाले.

पण पहिल्या पेपरातून पोरं रडत बाहेर आली होती, दुसऱ्यातून खिदळत. सेलआधी भाव चढवून मग मोठी सूट दाखवणारे दुकानदार मी काय कमी पाहिलेत? तिला मागच्या वर्षीचा खरा पेपर सोडवायला लावला. गुण क्लासआधी होते तिथेच!

मला वाटलं, रडेल. "बरं झालं बाबा, आत्ताच कळलं," म्हणाली आणि चुकलेली गणितं घेऊन बसली.

फोनवर गुण विचारू नकोस. मीही विचारत नाही, नुसता दाराला कान लावतो. पेन चालू आहे.

तुझाच,
संशयी नवरा