सुटू नये अशी गाठ

५ जानेवारी
आली! चिझुरू आली! दुपारच्या बसनं, पाठीवर एवढीशी पिशवी, डोक्याला टोपी नाही. मी म्हटलं, अगं टोपी कुठंय? तर म्हणे, "आजी, आधी आत तर घे, मग ओरड!" नात आहे खरी माझी.

योगोरो भावजींनी तिला आपल्या हाताखाली लिफ्टवर काम लावून दिलंय. बर्फावर घसरायला येणाऱ्या लोकांना डोंगरावर नेणाऱ्या पाळण्यात बसवायचं आणि बर्फ लोटायचा. हिवाळाभर राहणार. लिफ्टचा हा शेवटचाच हिवाळा, पुढच्या वर्षी खांबसुद्धा काढणार म्हणतात. म्हटलं, मग? "मग बघू, कदाचित राहीन इथंच." कदाचित म्हणाली! मी मुळा चिरत राहिले, जसं काही ऐकलंच नाही. बोट कापलं.

७ जानेवारी
आज सणाची सात पाल्यांची पेज केली. "आजी, हे गवत आहे." म्हटलं, गप खा. खाल्लं. शहरात त्या ऑफिसनं पोरीला पार वाळवून टाकलंय, मनगट माझ्यापेक्षा बारीक.

मग मागची खोली उघडली. ह्यांच्या फळ्या नि बूट — घरात पाहुणे उतरायचे तेव्हा त्यांना भाड्यानं द्यायचे स्नोबोर्ड. ह्यांनी तरी नव्या कुठं घेतल्या होत्या? पलीकडचं हॉटेल बुडालं तेव्हा त्यांच्या वापरलेल्या उचलून आणल्या. मग पाहुणे यायचे थांबले, मग हेही गेले. मी मात्र दर उन्हाळ्यात बूट उन्हात घालते, कापूर घालते, प्लॅस्टिकात गुंडाळते. एकदम नव्यासारखे!

चिझुरूनं पाय घातला, दोन पावलं टाकली — तळवेच गळून पडले! कोंड्यासारखा भुगा. ती हसून हसून जमिनीवर लोळली. "आजी, वापरले असते तर टिकले असते गं. ठेवून ठेवून मेले हे!"

मला नाही हसू आलं. वाटेवरची सगळी घरं आठवली, दारांना फळ्या ठोकलेली.

शेवटी एक कातडी जोड धड निघाला. फळी नारिंगी. तिच्यावर पाय आवळायचे पट्टे असतात, त्याला बाइंडिंग म्हणायचं, हे मला आज कळलं. इतकी वर्षं मी त्याला चपलाच म्हणत होते.

१२ जानेवारी
बापाचं जुनं जाकीट घालून जाते — पोपटी, जांभळ्या बाह्या. लिफ्टवरची पोरं ओरडली म्हणे, "अरे, म्युझियम आलं!" ही म्हणाली, "तिकीट काढा मग!" तोंड बापासारखं नाही, माझ्यासारखं आहे.

भाताचा वाडगा दोनदा भरला. सांगायचं म्हणजे, मी भांडी घासताना गाणं म्हणत होते. ती म्हणाली, आजी, बेसूर.

१३ जानेवारी
ताकानोरीचा फोन. बापच तो, काळजी वाटणारच, पण बोलायची रीत बघा — "आई, तिला ते भंगार देऊ नकोस. प्लॅस्टिक आहे ते, आतून कुजतं. एक दिवस तुटेल." म्हटलं, तू कुजला नाहीस ना अजून? ठेवला फोन.

१६ जानेवारी
अक्षर बघा कसं आलंय.

अंगणामागं देवदार आहे ना, त्याच्या बुंध्याभोवती बर्फ वरून सारखा दिसतो, पण खाली पोकळ असतं. चिझुरू उतारावरून घसरत आली नि त्यात डोक्यावर गेली. वर नुसते दोन पाय आणि नारिंगी फळी! मी फावडं घेऊन धावले — धावले कसली, रुतत गेले. तोवर तिनं दोन लाथा झाडल्या, झिजलेले पट्टे सरकले, पाय सुटले, नि बाहेर आली. कानात बर्फ, तोंडात बर्फ, आणि हसतेय!

"घाबरलीस? हे पट्टे असेच, आजी. जोर लागला की आपोआप सुटतात."

आपोआप सुटतात! आणि वर हसते! उद्या कड्यावर सुटले म्हणजे?

१८ जानेवारी
दोन दिवस तेच करतेय. खोलीतल्या सगळ्या बाइंडिंग उलटसुलट केल्या, त्यातले दाते न झिजलेले पट्टे काढून हिच्या फळीला लावले. बकलं पण चांगली बघून. शिवाय वरून जाड नाड्याची झाकण-पट्टी शिवली, माझ्या बाबांच्या दाभणानं, तागाच्या दोऱ्यानं. पट्टी बकलावर घ्यायची नि खाली गाठ मारायची, म्हणजे बकल उघडायचंच नाही.

बाबा बर्फात घालायचे वेताचे जोडे विणायचे. मला शाळेत चार इयत्ता नीट जमल्या नाहीत, पण ही गाठ जमली. बाबा माझ्या पायाला जोडा बांधून म्हणायचे, "ओढ. जोरात ओढ. सुटली तर घरी येणार नाहीस." वाटेत जोडा सुटला की माणूस कमरेपर्यंत जातं, मग संपलं. आमच्या लहानपणी गावातली एक तांबडी बाई अशीच गेली — तांबडी म्हणजे गालांनी, नाव आता आठवत नाही.

२० जानेवारी
"आजी, आता काढायला खाली बसावं लागतं! दोन्ही हातांनी गाठ सोडायची, मग बकल!" कुरकुर केली, पण बांधून गेली. योगोरो भावजींनी हात लावून बघितलं. "वहिनी, यानं अस्वल बांधून ठेवाल."

त्या कौतुकानं मी दिवसभर फुलून गेले होते. ताकानोरीला फोन करून सांगितलं, आता तुटत नाही, जा.

३ फेब्रुवारी
आज हिवाळा सरायचा सण, भुतं पळवायला घरभर दाणे फेकले. भुतं बाहेर, भाग्य आत! चिझुरू इतकी ओरडली की छतावरचा बर्फ घसरला. पुढं कोणाच्या घरातून आवाज नाही. फक्त आमचाच.

मग दाणे वेचताना म्हणाली, "आजोबांची खोली मला देशील? बाबांना मी सांगेन. परत नाही जायचं मला."

देशील का म्हणे! मी गाद्या काढून शेगडीजवळ टाकल्यासुद्धा. रडले थोडी. पडद्याला तोंड पुसलं, धुवावा लागेल.

५ फेब्रुवारी
फार बर्फ. अजून पडतोय. लिफ्ट सुरू व्हायच्या आत देवदारांतून एक फेरी मारून येते म्हणाली. मऊ बर्फ आहे म्हणे, पिसासारखा. दोन्ही गाठी मीच मारून दिल्या, दारात.

भाताचे गोळे विसरून गेली. मी झाकून ठेवलेत.

भावजींचा फोन आला. कामावर पोचली नाही. ते बघायला निघालेत.

६ फेब्रुवारी
देवदाराखाली सापडली. डोकं खाली होतं.

९ फेब्रुवारी
ताकानोरी आलाय. माझ्याशी बोलत नाही. आज फक्त एवढं — "सांगितलं होतं, आई. जुना पट्टा तुटला असणार, तोल गेला असणार." पोलीसही मान हलवत होता, जुना माल आहे म्हणाला. गोळे अजून झाकलेलेच आहेत, कुणाला उचलू देत नाही.

१२ फेब्रुवारी
भावजींनी फळी आणून मागच्या खोलीत ठेवली. मी दार लावून बघितली. पट्टे तुटलेले नाहीत. तिला बाहेर काढताना भावजींनी सुरीनं कापलेत. दोन्ही गाठी तशाच आहेत.

मी ओढून बघितल्या. जोरात ओढल्या.