आखाजीची घागर

रनाळे, चैत्र वद्य तृतीया, शके १८५१

देवाच्या कृपेने सुखरूप पोचलो. काल पहाटे लोणखेड्याहून गाडी जोडली, रात्री प्रकाशा गावी तापीकाठी मुक्काम केला, आज दिवस कलायच्या आत इथे. घर पाहून मन प्रसन्न झालं. जमादार जामसिंग गिरासे यांनी पलटणीतून आल्यावर बांधलेलं पक्क्या विटांचं कौलारू घर आहे, अंगण सारवलेलं, गोठ्यात दोन म्हशी. जमादार गेल्या माघात वारले. त्यांच्या पत्नी तुळशीबाई साठीच्या आहेत. मला भाऊ म्हणतात. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, रोज दुपारी मी त्यांना पोथी वाचून दाखवायची आणि त्याबदली मी ज्याच्या शोधात आलो ते पुस्तक जमादारांच्या पेट्यांत शोधायचं, असं ठरलं.

एक गोष्ट फार आवडली. घराच्या प्रत्येक उंबऱ्याबाहेर, खिडक्यांखालीसुद्धा, पाण्याने भरलेली मडकी ठेवलेली आहेत. वाटसरूची इतकी काळजी घेणारं घर मी पाहिलं नव्हतं. तसं म्हटलं तर दलपत, त्यांचा सालदार, हसला. म्हणाला, "महाराज, तुम्ही पोथी वाचा. पानीनं पुन्य आमले ऱ्हाऊ द्या."

चैत्र वद्य पंचमी

दोन पेट्या पाहून झाल्या. गणवेश, एक बिल्ला, दाढीचं सामान. पुस्तक नाही.

ते पुस्तक म्हणजे माझ्या मुलाच्या, रतीच्या, पलटणीचा छापील इतिहास. कुठल्याशा हौशी कारकुनाने मराठीत करून जवानांच्या घरांसाठी थोड्याच प्रती छापवल्या होत्या. कोण कुठे पडला ते त्यात नावानिशी आहे, असं शहाद्याच्या एका म्हाताऱ्या हवालदाराने सांगितलं. तेव्हापासून मी धुळे पाहिलं, नंदुरबार पाहिलं, ओळखीच्या पेन्शनरांची घरं पाहिली. जिथे जावं तिथे एकच उत्तर मिळे, की होतं, पण जमादार येऊन मागून घेऊन गेले. नेलेलं गाठोडं त्यांनी प्रकाशाला डोहात सोडताना पाहिलेलाही एक नावाडी भेटला. तरी मनात येतं, स्वतःची प्रत कोणी बुडवील का?

माझा रतिलाल अठराव्या वर्षी बसऱ्याकडे लढाईवर गेला आणि बेपत्ता झाला. त्याला बारा वर्षं झाली. सून सरला अजून कुंकू लावते आणि कोणी वाटेने आलं की मान वर करते. प्रकाशाचा एक भला माणूस तिच्याशी पाट लावायला तयार आहे. पंच म्हणतात, मेल्याचा छापील पुरावा आणा, आखाजीनंतर लावून देऊ. तिचं आयुष्य मोकळं व्हावं म्हणून मी माझ्याच मुलाचं नाव मेलेल्यांत शोधत फिरतो आहे. रोज देवाला सांगतो की ते सापडू दे, आणि लगेच वाटतं, नको सापडू.

आखाजीला सगळा खानदेश आपल्या मेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरतो. रतीची घागर आमच्या घरी कधी भरली नाही. माझी पार्वती म्हणायची, घागर भरली की तो मेलाच. तीही गेली. तिची भरतो.

चैत्र वद्य सप्तमी

ऊन असं की दुपारी कुत्रंही रस्त्यावर नाही. पोथी वाचत होतो. पश्चिमेच्या दाराबाहेर कोणीतरी पाणी मागितलं. आवाज बारीक होता, घसा कोरडा पडल्यासारखा. मी उठलो तर तुळशीबाई आडव्या आल्या. "बसा भाऊ. बाहेर भरेल शे." त्या दाराला आतून जाड अडसर आहे. घर बांधल्यापासून तो काढलेला नाही, असं दलपत म्हणतो.

ऊन उतरल्यावर फेरी घालून बघितलं. मडकं कलंडलेलं, उंबरा ओला, खालची माती ओली. कोणी प्यालं असेल असं वाटेना. तोंडात घेतलेलं पाणी तसंच बाहेर ओघळावं, असा तो ओघळ होता. प्रेताचा कंठ सुईच्या नेढ्याएवढा असतो, असं पोथीत म्हटलं आहे. वैशाख तोंडावर आला की असलं काही सुचतं. रामनाम घेऊन निजलो.

चैत्र वद्य दशमी

सापडलं.

देवघरात लाल फडक्यातल्या पोथ्या एकेक संपवत होतो. आज तळातली काढली. तुळशीबाईंना अक्षर येत नाही. जमादारांनी, हिला फूल वाहा पण सोडू नको, असं बजावलं होतं, म्हणून त्या कित्येक वर्षं तिला हळदकुंकू वाहत होत्या. आता धनी राहिले नाहीत, आखाजीआधी ही पण होऊ द्या, म्हणाल्या. मी दिवा लावला, घंटा वाजवली, फडकं सोडलं आणि पोथी वाचतात तसं मोठ्याने वाचू लागलो. दोन ओळी झाल्यावर कळलं की हेच ते. थांबायला हवं होतं. थांबता आलं नाही. शोधत शोधत पुढे वाचतच गेलो.

ती ओळ इथे उतरून ठेवतो. 'माघार घेताना मागे राहिलेले जखमी भर दुपारी ठाण्याच्या फाटकाशी येऊन पाणी मागू लागले. शत्रूचे कपट समजून फाटक उघडू नये असा हुकूम होता. फाटकावर जमादार जामसिंग होते. त्यांनी हुकूम चोख पाळला. संध्याकाळपर्यंत बाहेरचा आवाज बंद झाला.' खाली नावं आहेत. 'रतिलाल सुकलाल, मौजे लोणखेडे.'

त्याच्या नावाला लागून माझं नाव छापलेलं आहे. त्यावरून बोट फिरवलं. तुळशीबाई पदर तोंडात धरून बसल्या होत्या. जमादार झोपेत काय बरळत ते त्यांना आज कळलं.

मी रडलो नाही. सरला सुटली, असं वाटलं.

आणि मग दारापाशी आवाज आला. आज त्याने नुसतं पाणी मागितलं नाही. "बापू" म्हणाला.

चैत्र वद्य एकादशी

दलपतला पहाटेच पुस्तक देऊन लोणखेड्याला पंचांकडे धाडलं. घेऊन जाऊ दे, असं तुळशीबाई आधी म्हणाल्या, मग म्हणाल्या, नको. त्यांच्या मनात काय होतं ते विचारायचं राहिलं.

दुपार शांत गेली. मडकी भरलेलीच राहिली.

शांत का गेली, ते ध्यानात येत नाही.

वैशाख शुद्ध प्रतिपदा

दलपत परत आला. पुस्तक परत घेऊन आला आहे. ते गाडीत ठेवून स्वतः सगळी वाट पायी चालला. त्याची थट्टा पार गेली आहे.

पंचांच्या वाड्यात ओसरीवर सगळे जमले होते, सरलाही. पुस्तक मध्ये ठेवलेलं. कोणी उघडायच्या आत दुपार भरली आणि दाराबाहेर पाणी मागितलं गेलं. सरला तांब्या घेऊन धावली. कडीला हात घातला. तेवढ्यात पंचांच्या बायकोने तिला कवेत धरून मागे ओढलं. सरला ओरडत होती, "सोडा मले! त्यासना आवाज शे तो!"

आता ती म्हणते, नवरा जिवंत आहे. पाट नको. दारात बसून आहे. भरलेला तांब्या मांडीवर.

तुळशीबाईंनी आज सगळं सांगितलं. एका वर्षी जमादारांनी पुस्तक बहिणीकडे ठेवलं, तर दुसऱ्याच दुपारी आवाज तिच्या दाराशी. पुस्तक जिथे, तिथे ते पाणी मागणारे. इतर प्रती ज्या घरांत होत्या, तिथेही येत. म्हणून जमादार त्या गोळा करत हिंडले. ही शेवटची बुडवायचा धीर झाला नाही. बुडवली तर ते कुठे जातील, याची त्यांना भीती होती. दार उघडायचाही धीर झाला नाही.

पुरावा पंचांकडे गेला तर ते सरलाच्या दाराशी. नाही गेला तर ती जन्मभर तशीच—

वैशाख शुद्ध द्वितीया

मुलाने बापाला पाणी द्यावं. इथे उलटं आहे. देवा, चालेल ना?

दुपारी मी दाराच्या आत बसलो होतो, लाकडाला पाठ लावून. पलीकडे तोही टेकून बसला असावा. लहानपणी विहिरीवर माझ्या पाठीला पाठ लावून बसायचा तसा. बापू, पानी. बापू, पानी. रागाने नाही म्हणत. हट्टानेही नाही. बारा वर्षं आम्ही त्याची घागर भरली नाही. तो जिवंत राहावा म्हणून.

तुळशीबाई म्हणाल्या, भाऊ, तो एकला नही शे.

मला माहीत आहे. मी सगळीच नावं मोठ्याने वाचली होती.

आखाजी

घागर भरली. रतिलालच्या नावाने. वर खरबूज ठेवलं.

दलपत, मला काही झालं तर पुस्तक पंचांकडे ने. आता पुस्तकामागे पाणी मागत कोणी येणार नाही. सरलाला—

दुपार भरली. आला.

अडसर काढतो.

उघडलं. उभा आहे. अठराच वर्षांचा. ओठ फुटलेले. आत येत नाही, उंबऱ्यापाशी ओंजळ धरून— मडक्यातलं घेत नाही. माझ्या हातचं हवं. ओतलं. ओघळलं नाही. आत गेलं. गळ्यातून उतरताना दिसलं—

त्याच्यामागे बाकीचे. ओंजळी धरून. घागर संपली. तुळशीबाई रांजणातलं काढून देत आहेत. मी ओततो आणि मध्येच हे लिहितो— रांजण संपला. ओंजळी अजून—

माझ्या जिभेला ओल नाही. हात बघितला, कातडी लाकडासारखी— दुखत नाही. देतो आहे. माझ्या अंगातलं पाणी त्यांना मिळतं आहे—

दौतीतली शाई आटत चालली. सरलाला सांगा, वाट बघू नको. सांगा, तो पोटभर प्या