डेल्विन रीस यांच्या गाडीची डावी स्प्रिंग

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
वाहन सुरक्षा व अपघात तपास शाखा,
टॅमरिक काउंटी, पेनसिल्व्हेनिया.

अर्जदार : ऑगस्टिन हुदाक, वय ६१ वर्षे, व्यवसाय मोटार दुरुस्ती व वाहन तपासणी, राहणार ओल्ड ब्रेकर.

विषय : बेल नॉब रस्त्यावरील दिनांक १४ जूनच्या अपघाताचा दोष मयताच्या नावावरून काढून अर्जदाराच्या नावावर नोंदवणे, तसेच सदर गाडीच्या डाव्या स्प्रिंगचा तातडीने शोध घेणेबाबत.

संदर्भ : १) माझा अर्ज दिनांक ६ जुलै (चुकीच्या नमुन्यात असल्याने परत).
२) माझा अर्ज दिनांक ३ ऑगस्ट.
३) आपल्या कार्यालयाचे उत्तर दिनांक २८ ऑगस्ट, सोबत रस्ता सुरक्षेची माहितीपुस्तिका.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून मी खाली सही करणार अर्ज सादर करतो की,

१. कै. डेल्विन रीस, वय ६३, हे आमच्या गावचे निवृत्त पोस्टमन होते. चौतीस वर्षे त्यांनी टपालाची जीप याच डोंगराळ रस्त्यांवर चालवली. बर्फात चालवली, धुक्यात चालवली, आणि एवढ्या काळात त्यांच्या हातून एक कुंपणसुद्धा पडले नाही. आपल्या अहवालात अपघाताचे कारण 'चालकाचा अतिवेग' असे एका ओळीत दिले आहे. डेल्विन गाडी इतकी हळू चालवत की मागून येणारे भोंगे वाजवत, आणि हे त्यांना पुढे जायला हात करत. हे गावात कोणालाही विचारावे.

२. निवृत्तीनंतर त्यांनी १९७६ सालची एक ब्रिटिश बनावटीची, दोन माणसांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार घेतली. तरुणपणी त्यांच्याकडे अशीच, पण दहा वर्षे आधीच्या बनावटीची गाडी होती. थोरली मुलगी झाली तेव्हा ती विकावी लागली. जुनी गाडी जमिनीला चिकटून धावे. नंतरच्या गाड्या मात्र इकडच्या नियमांप्रमाणे दीड इंच उंच करून येऊ लागल्या. आता घेतलेल्या गाडीकडे पाहून ते मला (गावात मला गस म्हणतात) म्हणाले, "गस, ही गाडी चिखल चुकवायला परकर वर धरून उभी राहिल्यासारखी दिसते. हिला खाली बसव."

३. काम साधे होते. पुढच्या दोन्ही स्प्रिंगा काढून प्रत्येकीचे एक वेटोळे ग्राइंडरने, पाणी मारत, थंड ठेवून कापले. मागे कमानपाटे आणि आस यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे बसवले. गाडी दीड इंच खाली आली. चालवून पाहिली, ठीक होती. हे गेल्या वर्षीच्या एप्रिलमधले काम. त्यात माझी चूक नाही आणि ती चूक आहे असे मी म्हणत नाही. इथेच थांबलो असतो तर हा अर्ज लिहिण्याची वेळ आली नसती.

४. सप्टेंबरात ते पुन्हा आले. चर्चच्या आवाराच्या चढावर सायलेन्सर घासतो हे मला ठाऊक होते, कारण दर रविवारी तो आवाज ऐकून सगळी मंडळी माझ्याकडे बघत. तरी ते म्हणाले, "अजून बोटभर. एवढं बोटभर कर, मग तुला त्रास देणार नाही."

मी म्हटले, "अरे, खाली जागा किती उरलीय? बेडूक आडवा आला तरी गाडी वळवावी लागेल."

"मग बेडकाला आधी पत्र टाकून कळवतो," ते म्हणाले. जुन्या गाड्यांच्या मंडळाच्या कॅलेंडरसाठी दुसऱ्या दिवशी त्यांच्या गाडीचा फोटो काढायचा होता. म्हणून घाई.

५. यापुढील मजकूर आपण सावकाश वाचावा अशी विनंती आहे, कारण मागच्या दोन्ही अर्जांत तो होता आणि कोणी वाचल्याचे दिसले नाही.

मी दोन्ही स्प्रिंगांचे आणखी अर्धे वेटोळे कापले. अर्धे कापले की टोक सपाट राहत नाही, ते स्प्रिंग बसते त्या बैठकीत नीट टेकत नाही, आणि गाडी वळताना खडखडते. योग्य मार्ग म्हणजे मापाच्या नव्या स्प्रिंगा मागवणे. त्याला तीन आठवडे लागले असते. मी गॅसची ज्योत पेटवली आणि शेवटचे वेटोळे लाल करून दाबून सपाट केले. ज्याने मला हे काम शिकवले त्या म्हाताऱ्याने पहिल्याच आठवड्यात सांगितले होते की स्प्रिंगला ज्योत लावायची नाही, तापवलेल्या जागी पोलादाचे पाणी उतरते, त्याचा कस जातो. हे मला बेचाळीस वर्षे माहीत आहे. उजवी स्प्रिंग पटकन बसली. डावी बसेना, म्हणून ती दोनदा तापवली. लवकर गार व्हाव्यात म्हणून दोन्हींवर ओले फडके टाकले. लाल पोलादावर पाणी पडले की ते काचेसारखे ठिसूळ होते. फडके भिजवून माझ्या हातात डेल्विननी दिले. त्यांना यातले काही कळत नव्हते. ते टायरवर बसून कॉफी पीत होते आणि मला मदत करत होते.

लाल भाग आणि न तापलेला भाग यांच्या सीमेवर निळ्या रंगाचा एक पट्टा उमटला. तो मी पाहिला. वरून काळा रंग मारला.

६. गाडी सुंदर दिसली. कॅलेंडरच्या जून महिन्यावर तिचा फोटो आला. एवढ्या खाली बसवलेल्या गाडीसाठी मंडळात 'डेल्विनची उंची' असा शब्दच रूढ झाला. हिवाळाभर गाडी गॅरेजात होती. वसंतात बाहेर काढल्यावर ते मला दोनदा म्हणाले, "उजवीकडून टक् असा आवाज येतो रे." पहिल्यांदा मी म्हटले, "जुनी गाडी आहे, बोलणारच." दुसऱ्यांदा म्हटले, "पुढच्या आठवड्यात आण." हे दुसऱ्यांदा जे म्हटले ते ९ जूनला.

१४ जून, रविवार, दुपारी तीन वाजता ते बेल नॉबच्या उतारावरून एकटे येत होते. दुसऱ्या वळणावर गाडी उजवीकडे बसली, चाक मडगार्डमध्ये अडकले, आणि गाडी कठड्यावरून खाली गेली. रस्त्यावर चाळीस फूट लांब चरी पडली आहे. आपल्या अहवालात तिला वेगाची खूण म्हटले आहे. ती इंजिनखालच्या ऑइल चेंबरने डांबर खरवडल्याची खूण आहे. अजून दिसते.

७. अंत्यविधीनंतर चौथ्या दिवशी मी भंगाराच्या आवारात जाऊन गाडी पाहिली. उजव्या स्प्रिंगचा तुकडा बैठकीत पडलेला होता. स्प्रिंग निळ्या पट्ट्यावरच तुटली होती. तुटलेल्या तोंडाचा निम्मा भाग गंजलेला आणि निम्मा चकचकीत होता. म्हणजे निम्मी भेग आधीपासून होती, आणि तो टक् आवाज तिचाच होता. तिथल्या माणसाने कागदावर 'आपटून तुटली' असे लिहून टाकले होते. मी तुकडा मागितला तर म्हणाला, "न्या, भंगारच आहे." तो सोबत जोडला आहे.

८. मी पहिला अर्ज केला. तो परत आला, कारण गॅरेजविरुद्ध तक्रारीचा नमुना गॅरेजमालकाला स्वतः भरता येत नाही. मी फोन केला. आपल्या कार्यालयातील बाई सौजन्याने बोलल्या. त्या म्हणाल्या, "तुम्हाला स्वतःविरुद्धच तक्रार करायची असेल तर दुसऱ्या कुणाला तरी करायला सांगा ना."

दुसऱ्या अर्जाला आपण उत्तर दिलेत की, सदर गाडी जुन्या वाहनांच्या वर्गात नोंदवलेली असल्याने तिला वार्षिक तपासणी माफ आहे. सबब तपासनीस म्हणून माझ्या दोषाचा प्रश्न उद्भवत नाही. रस्ता सुरक्षेतील माझ्या आस्थेबद्दल आभार. महोदय, प्रश्न उद्भवत नाही हे मी नोंदवहीपुरते समजू शकतो. पण माझे तपासणीचे प्रमाणपत्र आपण त्याच आठवड्यात दोन वर्षांसाठी वाढवून पाठवलेत, हे मला समजलेले नाही.

९. आपण सुचवल्याप्रमाणे दुसऱ्या कुणाला तरी सांगायला मी श्रीमती कोरा रीस यांच्याकडे गेलो. त्या मयताच्या पत्नी. त्यांनी अंगणातच मला थांबवले. मी सगळे सांगितले, ज्योत, फडके, निळा पट्टा, सगळे. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "गस, तीन महिने मी त्या माणसावर चिडलेय. म्हातारपणी कसली ही हौस, असं रोज त्याच्या फोटोला सुनावते. त्या रागावर मी उभी आहे. आता तो राग तुम्ही काढून नेणार, आणि बदल्यात काय देणार?"

त्या आत गेल्या आणि दार लावून घेतले. त्यांनी तक्रार केलेली नाही. करणारही नाहीत. मात्र मी फाटकापर्यंत पोचलो तेव्हा त्यांनी खिडकी उघडून विचारले, "आणि दुसऱ्या बाजूची स्प्रिंग? ती कुठंय?"

१०. तोपर्यंत मी तिचा विचार केलेला नव्हता. हे लिहिताना लाज वाटते.

गाडीचा लिलाव ऑगस्टमध्ये झाला होता. ती शेजारच्या काउंटीतील कु. आर्डिस क्लाइन यांनी घेतली. त्या कारखान्यात वेल्डर आहेत, वय अंदाजे चाळीस. गेल्या शनिवारी, ३ ऑक्टोबरला, मी त्यांच्या घरी गेलो. गाडी दुरुस्त होऊन अंगणात उभी होती. मी नाव सांगून सरळ म्हटले, "बाई, ही गाडी चालवू नका. डावी स्प्रिंग मी बिघडवलेली आहे."

त्या हसल्या. "कापलेली स्प्रिंग मी कशाला ठेवीन, काका? दोन्ही बाजूंना नव्या कोऱ्या घातल्यात. मी वेल्डर आहे, जळकं पोलाद मला कळतं."

महोदय, मी तिथेच पायरीवर बसलो. त्यांनी पाणी आणून दिले. साडेतीन महिन्यांत पहिल्यांदा मला बरे वाटले. मग मी विचारले, "जुनी टाकली कुठे?"

"टाकली नाही. सप्टेंबरात सुट्या भागांचा बाजार भरला होता ना, तिथं ठेवली होती माझ्या टेबलावर. एकाने नेली."

"एकटी स्प्रिंग घेऊन काय करणार तो?"

"नमुना म्हणून. कॅलेंडरवाली हीच ना, असं त्याने तीनतीनदा विचारलं. म्हणाला, डेल्विनची उंची सगळे मागतात, माप कुणाकडे नाही. यावरून बारा जोड्या करून घेतो, मेळाव्यांचा मोसम सुरू व्हायच्या आत. काळा रंग खरवडून ते शेवटचं वेटोळं बघत होता. म्हणाला, अच्छा, तापवून बसवलंय होय."

बोलता बोलता त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू गेले. "मी त्याला सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, त्याला कळत असेल." त्यांनी नाव विचारले नव्हते. उंच माणूस, हिरवी टोपी, मागे ट्रेलर जोडलेला ट्रक, नंबरपट्टी बाहेरच्या राज्याची. याहून जास्त त्यांना आठवत नाही.

११. सबब विनंती की,

(अ) कै. डेल्विन रीस यांच्या नावापुढील 'अतिवेग' हा शब्द काढावा.

(ब) माझे प्रमाणपत्र रद्द करावे. नियमात बसत नसल्यास ते मीच परत पाठवत आहे, कृपया पुन्हा पाठवू नये.

(क) आणि हे सर्वांत आधी करावे : जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या सर्व मंडळांना, सर्व राज्यांत, खालील वर्णन कळवावे. पुढची डावी स्प्रिंग, एक. दीड वेटोळे कमी. शेवटचे वेटोळे दाबून सपाट केलेले. काळा रंग खरवडलेला, खाली निळा पट्टा. ती बसवलेली गाडी जागच्या जागी उभी करावी, ढकलतसुद्धा नेऊ नये. हिच्यासारखी दिसणारी, हिच्यावरून केलेली प्रत्येक स्प्रिंग हिच्याइतकीच वाईट समजावी. चालवणाऱ्याला 'टक्' असा आवाज आला असेल तर पुढच्या आठवड्याची वाट पाहू नये.

१२. मी गॅरेज बंद केले आहे. गेल्या महिन्यात चौघांनी मला डेल्विनची उंची मागितली. चौघांना नाही म्हटले, कारण सांगितले, त्यांतले दोघे दुसरीकडे गेले. १८ ऑक्टोबरला जुन्या गाड्यांचा मोसमातला शेवटचा मेळावा आहे, आणि एप्रिलपासून पुन्हा दर रविवारी कुठे ना कुठे असतोच. कु. क्लाइन सोबत येणार आहेत, कारण तो माणूस त्यांनी पाहिला आहे. त्या टोप्या बघतील. मी फाटकाशी गवतावर आडवा पडून आत येणाऱ्या प्रत्येक गाडीखाली बघणार आहे. त्यासाठी परवानगी लागत असल्यास हाच अर्ज समजावा. आपले उत्तर वरील पत्त्यावर आले तर ते घ्यायला मी घरी नसेन.

आपला नम्र व दोषी,

(सही)
ऑगस्टिन हुदाक
ओल्ड ब्रेकर, दिनांक ९ ऑक्टोबर

सोबत :
१) उजव्या स्प्रिंगचा तुकडा, पत्र्याच्या डब्यात. तुटलेल्या तोंडाला हात लावू नये, गंज पुसला जाईल.
२) बेल नॉब रस्त्यावरील चरीची छायाचित्रे, पाच.
३) तपासनीसाचे प्रमाणपत्र, मूळ प्रत.
४) माहितीपुस्तिका, साभार परत.