भाऊबिजेला गेलेलं झाड

बाबा, माझं स्ट्रॉबेरीचं झाड कुजलं नव्हतं. ते तुम्ही भाऊबिजेला आत्याला ओवाळणीत दिलंत. गेल्या रविवारी माझगावात तिने स्वतःच हे सांगितलं, आणि मला पटेना तेव्हा आतून दुधाच्या पावडरचा निळा डबा आणून समोर ठेवला. आता त्यात ती कपड्यांचे चिमटे ठेवते. तळाला तुम्ही खिळ्याने पाडलेली पाच भोकं आहेत, आणि बाजूला कर्कटकाने कोरलेलं 'सातवी ब' गंजातूनही वाचता येतं. अक्षर माझंच आहे.

तिची चाळ पाडायची ठरली आहे. दिवाळीनंतर संक्रमण शिबिराच्या इमारतीत जायचं, तिथे गॅलरी नाही, म्हणून कुंड्या कुणाला द्यायच्या ते बघायला तिने मला बोलावलं होतं. ऐंशी उलटलेली बाई पाटावर बसून स्ट्रॉबेरीची जुनी, लालसर पडलेली पानं कात्रीने काढत होती. मी सहज विचारलं, मुंबईच्या उकाड्यात ही जगतात कशी? तर मान वर न करता म्हणाली, "ह्या तुझाच झाड गो. तुका म्हायत नाय?"

"माझं कुजलं होतं, आत्या."

"कुसता कसला! तुझ्या बापाशीन माका भाऊबिजेक दिल्यान. मीच म्हटलंय, साडी नको, ता झाड दी. दसऱ्याक तुमच्याकडे बघितलंय, तेव्हापासून डोळ्यात भरलेला." मग माझा चेहरा बघून, "आता चाळीस वर्षांनी रडतलस काय?"

मी रडले नाही. मूळ झाड तीन-चार वर्षांत संपतं, पण त्याचे लांब धावणारे फुटवे शेजारच्या डब्यात रुजवत गेलं की झाड तेच राहतं. आत्याने ते चाळीस वर्षं केलं. पावसाळ्यात वळचणीखाली, मे महिन्यात मोरीच्या गारव्याला, आणि ऑक्टोबरात पुन्हा गॅलरीत. फळं कशी लागतात विचारलं तर म्हणाली, "आंबट. अर्धी कावळो खाता." मी त्यातलं एकही खाल्लेलं नाही.

ते झाड आलं तो दिवस मला नीट आठवतो. तुमच्या वर्कशॉपमधल्या साताऱ्याकडच्या मित्राने ओल्या गोणपाटात गुंडाळून चार रोपं दिली होती. तीन पहिल्या उन्हाळ्यात गेली. उरलेल्याचा एक फुटवा मी आईच्या केसातल्या पिनेने निळ्या डब्यातल्या मातीत टोचून धरला, आणि त्याला मुळं फुटल्यावर तुम्ही म्हणालात, हे तुझं. पाऊस सरतो. लालबागच्या गॅलरीत तुम्ही आणि मी उकिडवे बसलो आहोत. तुम्ही दाखवता, पान ओढून काढायचं नाही, देठ दोन बोटं ठेवून कापायचा. मधला कोंब मातीत गाडायचा नाही, नाहीतर तो गुदमरतो. वरची माती काढून शेणखत मिसळलेली घालायची. मग माळ्यावरून आंब्याच्या पेटीतलं, उन्हाळ्यापासून जपलेलं गवत काढून खोडाभोवती पसरायचं, म्हणजे फळ मातीला टेकत नाही. आपल्याकडे थंडी ती काय, पहाटे चादर अंगावर ओढायची एवढीच. पण तेवढ्या थंडीसाठी झाडाची केवढी तयारी! पहिलं फूल आलं ते तुम्ही मला खुडायला लावलंत. "आधी झाड धरू दी," म्हणालात. मी खुडलं. तुमच्यावर विश्वास होता.

मग ती भाऊबीज. मामा सकाळीच आला, आईने ओवाळलं, आणि जेवणं झाल्यावर तो आम्हा दोघींना आजीला भेटायला गिरगावात घेऊन गेला. संध्याकाळी परत आले तर गॅलरीत डब्याच्या जागी ओला गोल डाग होता. तुम्ही खुर्चीत पेपर वाचत होतात. "मुळां कुसली होती. फेकून दिलंय," म्हणालात. मी रडायला लागले तेव्हा पेपर खाली घेतलात आणि जरा आवाज चढवून म्हणालात, "किती पाणी घालतस? तुझ्या हाताक झाड नाय, बाय."

हे वाक्य मी चाळीस वर्षं खरं मानलं. घरात तुळस आणली ती नवऱ्याने, पाणी त्यानेच घातलं. मुलीला शाळेत वाटाणा रुजवून न्यायचा होता तेव्हा मी तिला शेजारच्या काकूंकडे पाठवलं. ती म्हणाली, "आई, नुसतं पाणी तर घालायचंय." मी म्हणाले, माझ्या हाताला झाड नाही. तुमच्याच आवाजात म्हणाले. आता ती मोठी झाली आहे, आणि दादरच्या आमच्या घराच्या खिडकीत ग्रिलला धुळीशिवाय काही नाही.

मी बत्तीस वर्षं वर्तमानपत्रात काढली. दुसऱ्या बाजूला विचारल्याशिवाय बातमी सोडायची नाही, हे नव्या मुलांना ओरडून सांगितलं. सकाळी टवटवीत असलेल्या झाडाची मुळं संध्याकाळपर्यंत कुजत नाहीत, ही चूक त्यांतल्या कुणीही पकडली असती. मी पकडली नाही, कारण सांगणारे तुम्ही होतात. झाड दिलंत याचा राग नाही. बहिणीने मागितलं, तुम्हाला नाही म्हणता आलं नाही. मला विचारलं असतंत तर मी कुरकुरत का होईना, दिलं असतं. पण झाड देऊन वर दोषही माझ्याच हातावर ठेवलात, आणि पुढे अठरा वर्षं जिवंत होतात, त्यात एकदाही तो उचलला नाहीत. दर भाऊबिजेला आत्याकडे जात होतात. ते झाड तिथे तुमच्या डोळ्यांसमोर होतं. आता तुमची बाजू विचारायला तुम्ही नाहीत, म्हणून ही एकाच बाजूची बातमी. ती कुठे पाठवायचीही नाही.

एक गोष्ट मात्र आत्यालाही सांगितली नाही. त्या सकाळी, तुम्ही आंघोळीला गेला असताना, मी डब्यात दोन तांबे पाणी ओतलं होतं. सणाचा दिवस, आपण सगळे गोडधोड खाणार, मग झाडालाही जरा जास्त, म्हणून. खालून पाणी वाहिलं ते मी फडक्याने पुसलं. तुम्हाला ते ठाऊक नव्हतं. तुम्ही नुसतं तोंडाला आलं ते बोललात, आणि ते नेमकं लागलं.

येत्या रविवारी दहा वाजता आत्याने बोलावलं आहे. तीन फुटव्यांनी मुळं धरली आहेत, त्यातला एक ती माझ्यासाठी कापून ठेवणार आहे. चिमटे काढून निळा डबाही द्यायला ती तयार आहे. मुलगी गवताच्या शोधात आहे. थंडी पडली तर डिसेंबरअखेर पहिलं फूल येईल, असा आत्याचा अंदाज आहे.

ते मी खुडणार नाही.